पाण्यावर उभं राहायचंय? आधी भातसानगरला चला!

पॅडलबोर्डिंग शिकायचं तर शांत पाणी हवं. मुंबईला पाणी पाजणाऱ्या सात तलावांतलं सगळ्यात मोठं शांत पाणी आहे शहापूर तालुक्यात, भातसानगरला. पण ते तर आपण रोज पितो! मग बोर्ड टाकायचा कुठे? एक वीकएंड काठावर, एक वीकएंड पाण्यावर...

शुक्रवारची संध्याकाळ. एक्सेल शीट अर्धवट, बॉस मीटिंगमध्ये, आणि मोबाइलवर ग्रुपमध्ये तोच तो सवाल, ‘या वीकएंडला काय?’ लोणावळा झालं, अलिबाग झालं. ट्रेक केला की पुढचे दोन दिवस ऑफिसचा जिना उतरता येत नाही. अशा वेळी कुणीतरी एक फोटो टाकतं. आरशासारखं पाणी, त्यावर एक लांबट फळी, फळीवर उभी एक मुलगी, हातात वल्हं. खाली एकच शब्द... सप!

मग ग्रुप पेटतो. ‘कुठाय हे?’ ‘आपल्याकडे होतं का?’ ‘पोहता नाही आलं तर?’ आमच्या ग्रुपवरही हेच झालं आणि कुणीतरी नकाशा उघडून बोट ठेवलं थेट भातसाच्या जलाशयावर. लोकलने दोन तास, पुढे थोडा रस्ता, आणि एवढं मोठ्ठं निळं पाणी. अजून काय पाहिजे? म्हटलं, बोर्डबिर्ड नंतर. आधी जाऊन पाणी बघून यावं.

सप म्हणजे नेमकं काय?

सप म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्डिंग. दहा-अकरा फूट लांब आणि साधारण पावणेतीन फूट रुंद फळीवर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने पाणी मागे सारत पुढे जायचं. बस्स! इंजिन नाही, घरघर नाही, पेट्रोलचा वास नाही.

खेळ मूळचा हवाई बेटांवरचा. होनोलुलुच्या वायकिकी किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारी मंडळी गेल्या शतकाच्या मध्यात फळीवर उभी राहून वल्हं मारायची. कशासाठी? तर नवशिक्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला आणि त्यांचे फोटो काढायला. पुढे २००० नंतर लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नावाजलेल्या सर्फरनी तो उचलून धरला आणि समुद्रावरचा हा प्रकार नद्यांवर, तळ्यांवर पसरला. हवा भरून फुगवायचे बोर्ड आले आणि मग तर फळी चक्क पाठीवरच्या सॅकमध्ये मावायला लागली. आपल्या देशात याची पंढरी म्हणजे कर्नाटकातलं मुल्की. भारताकडून आंतरराष्ट्रीय सप स्पर्धांमध्ये उतरलेली तन्वी जगदीश तिथलीच. मार्च २०२४ मध्ये मंगळुरूजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर इंडिया पॅडल फेस्टिव्हलही झाला.

नवशिक्यांसाठी अट मात्र एकच. पाणी शांत हवं. लाट नको, ओढ नको, वारा तर नकोच नको. म्हणूनच नकाशावर तलाव दिसला की बोटं शिवशिवतात.

निम्मी मुंबई इथून पाणी पिते

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी कसाऱ्याची लोकल पकडली. आसनगावला उतरलं की मागे माहुलीचे सुळके उभे असतात. ट्रेकर मंडळी त्या बाजूला वळतात, आपण शहापूरकडे. शहापूर गाव ओलांडून रस्ता आत शिरतो. दोन्ही बाजूंना साग, मधूनच एखादा पळस, भात कापून झालेली मोकळी खाचरं. हॉर्न कमी होत जातात. आणि मग येतं भातसानगर. धरणाच्या निमित्ताने वसलेली, झाडांच्या सावलीतली शांत वसाहत. टुरिस्ट स्पॉट वगैरे अजिबात नाही. सकाळी अकरा वाजता रस्त्यावर माणसांपेक्षा सावल्याच जास्त होत्या.

धरणाची भिंत सुमारे ८८ मीटर उंच. म्हणजे आपल्याकडचा जवळपास तीस मजली टॉवर आडवा पसरलाय असं समजा. भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही. ते पहारेकरी काकांनी अगदी गोड आवाजात सांगितलं. दुरून बघायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

आता थोडा हिशेब. मुंबईला पाणी देणारे तलाव सात. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. सातही काठोकाठ भरले तर साठा होतो १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसात! मुंबईला रोज जे साधारण ४,००० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, त्यातलंही जवळपास निम्मं इथलंच. सरासरीने बघायला गेलं तर ऑफिसच्या कूलरमधला दर दुसरा ग्लास भातसाचा.

हे पाणी धरणातून थेट नळात जात नाही. ते भातसा नदीतून खाली येतं, पिसे इथल्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग मोठमोठ्या जलवाहिन्यांतून शहराकडे निघतं. मार्च २०२४ मध्ये पिसे बंधाऱ्यावरच्या रबरी ब्लॅडरमध्ये बिघाड झाला, तेव्हा मुंबईत पाणीकपात करावी लागली आणि बंधारा पुन्हा भरायला भातसातून पाणी सोडावं लागलं. कुठे शहापूर, कुठे अंधेरी... पण एक ब्लॅडर फुटला की आपली बादली अर्धी!

शांत पाणी, पण कुणाचं?

भिंतीपासून लांब, मागच्या बाजूला एका कच्च्या रस्त्याने जलाशयाच्या काठाशी पोचले. आणि खरं सांगते, पाणी बघून पाय थबकले. समोरच्या टेकडीचं उलटं चित्र, त्यावर साधी सुरकुतीही नाही. फोटोतल्या त्या मुलीला इथेच उभं करावं असं पाणी! पण काठावर ना बोर्ड, ना लाइफ जॅकेट, ना तिकिटाची टपरी.

होतं ते एक माणूस. ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर थर्माकोलचा जाड तुकडा, त्यावर मांडी घालून बसलेले पन्नाशीचे काका. दोन्ही हातांत दोन छोटी फळकुटं. त्यांनीच पाणी मागे सारत ते जाळं तपासत फिरत होते. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. घाई नाही, धडपड नाही, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. बॅलन्स म्हणाल तर असा, की आपण योगा क्लासला हजारो रुपये भरूनही येणार नाही.

काठाला आल्यावर विचारलं, “काका, भीती नाही वाटत?”

“कसली भीती ताई? लहानपणापासून हेच करतो.” ट्यूब खांद्यावर टाकत त्यांनी पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. “तिकडं मधी जायचं नाय पण. खाली झाडांची खोडं आहेत. जाळं अडकतं, माणूस पण अडकंल.”

“दुपारी पण येता?”

“दुपारी वारा सुटतो. मग काय, जिकडं वारा तिकडं ट्यूब. सकाळीच आटपायचं.”

मी त्यांना सपबद्दल सांगितलं. मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो नीट निरखून पाहिला आणि विचारलं, “उभं कशाला राहायचं?” या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग विषय पाण्याचा निघाला. पाडा वर टेकडीवर. मार्च लागला की विहीर तळाला जाते, मग टँकरची वाट बघायची. खाली डोळ्यांसमोर एवढा समुद्र, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतायत. ही एका पाड्याची गोष्ट नाही. तानसा आणि भातसासारखी धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावं लागतं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. कारण गूढ नाही. पाडे उंचावर, खालचा कातळ पाणी धरून ठेवत नाही, आणि जलाशयातलं पाणी वर चढवायचं तर पंप, पाइप, वीज सगळंच लागतं. शहराकडे पाणी जाताना उतार मदतीला येतो, पाड्याकडे जाताना चढ आडवा येतो. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांपर्यंत नळाने पाणी आणायची योजना बरीच वर्षं चर्चेत आणि कामात आहे. म्हणजे भातसाच्या शेजाऱ्यांसाठी पाणी नाशिक जिल्ह्यातून!

शिवाय या शांत पाण्याखाली कुणाची घरं होती, कुणाची शेतं होती. धरणासाठी जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक दशकं रेंगाळले. आपण ज्याला ‘व्ह्यू’ म्हणतो, तो काठावरच्या माणसाच्या आजोबांचा बांध असू शकतो.

मग इथे सप का नको?

एक तर हे पिण्याचं पाणी आहे आणि धरणाच्या जलाशयात असं उतरायचं तर जलसंपदा खात्याची परवानगी लागते. दुसरं म्हणजे सुरक्षितता. धरणाचं पाणी दिसतं शांत, पण ते तलावासारखं वागतं थोडंच! काठ अचानक खोल जातो. पाणी ओसरलं की काठाशी पाय रुततील असा चिखल उरतो. बुडालेली झाडं वरून दिसत नाहीत. विसर्गाच्या जागेजवळ पाण्याला ओढ असते. आणि मोकळ्या जलाशयावर दुपारचा वारा सुटला, की उभा माणूस म्हणजे शीड. बोर्ड कुठल्या कुठे जातो! पावसाळ्यात तर विचारूच नका. धबधबे आणि धरणं यांच्या परिसरात ठाणे जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, ते उगीच नाही.

पण यातली एक गोष्ट लक्षात घ्या. खोडं कुठे आहेत, वारा कधी सुटतो, चिखल कुठे आहे, हे सगळं त्या ट्यूबवाल्या काकांना तोंडपाठ आहे. ‘गाइडेड ट्रिप’साठी आपण पैसे मोजतो, ते याच माहितीचे.

कर्ली खाडीवरचा पहिला धडा

म्हणून शिकायला गेले सिंधुदुर्गात, मालवणजवळच्या देवबागला. कर्ली नदी समुद्राला मिळण्याआधी किनाऱ्याला समांतर वाहते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग. समुद्राच्या लाटा पट्टीच्या पलीकडे राहतात आणि नदीच्या बाजूला नवशिक्यांना हवं तसं संथ पाणी मिळतं.

सकाळी सातला बोलावलं होतं, पण गाइडदादांनी पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं. “भरती पुरी होऊ दे. मग पाणी गप ऱ्हवता.” भरती-ओहोटीच्या मधल्या त्या थोड्या वेळात खाडीचं पाणी खरोखरच थांबतं. आपल्या घड्याळाप्रमाणे गेलो असतो, तर पहिल्या दहा मिनिटांतच ओढीशी भांडण!

मग काठावर वाळूत शिकवणी. लाइफ जॅकेट आधी, फोटो नंतर. बोर्डला जोडलेला पट्टा म्हणजे लीश घोट्याला बांधायचा, म्हणजे पडलात तरी बोर्ड पळून जात नाही. बोर्ड हाच तुमचा तराफा. वल्हं आपल्या उंचीपेक्षा सहा ते दहा इंच लांब, आणि त्याच्या पात्याचा बाक पुढच्या बाजूला. बहुतेक नवशिके नेमकं उलटं धरतात.

पाण्यात आधी गुडघ्यांवर. बोर्डच्या मधोमध उचलायची खाच असते, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे. असंच शे-दोनशे फूट जायचं. मग एक पाऊल, मग दुसरं, आणि हळूच उभं. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले.

उभी राहिले आणि पाय लटलट कापायला लागले. नजर आपोआप खाली. तेवढ्यात मागून आवाज, “मॅडम, पायांकडे बघू नका. तो समोरचो माड दिसता मां? त्येच्याकडे बघा. काय होवचा नाय!”

माडाकडे बघितलं. आणि चक्क पाय थांबले! म्हणजे कापत होते, पण पडायचे थांबले. शरीर नजरेच्या मागे जातं, एवढं साधं गणित. चार वल्ही डावीकडे, चार उजवीकडे. पातं पूर्ण बुडवायचं, पुढून घोट्यापर्यंत ओढायचं आणि उचलायचं. दोनदा धप्पकन पाण्यात पडले. पडायचं ते बोर्डपासून लांब आणि आडवं, सूर मारून नाही, कारण खाली किती पाणी आहे हे ठाऊक नसतं. मग पोटावर सरपटत बोर्डवर चढायचं. ग्रेस वगैरे विसरा!

तासाभराच्या त्या फेरीत दादा दोनदा सरळ वाट सोडून लांबून फिरले. का, तर तिथे कुणाची तरी जाळी लावलेली होती. बाहेरच्या माणसाला ती दिसलीही नसती. एका ठिकाणी ते थांबले आणि काठावर जाळं विणत बसलेल्या आजोबांशी बोलले, हवेचा अंदाज घेतला आणि मगच पुढे. पाणी त्यांचं, माणसं त्यांची. आम्ही पाहुणे. आमचे पैसेही त्याच वाडीत राहिले.

तेव्हा भातसाचे काका आठवले. सकाळी आटपायचं, मधे जायचं नाही, वारा ओळखायचा... दोघांचे नियम अगदी सारखे! फरक एवढाच, की एकाच्या अंगावर गाइडचं जॅकेट आहे आणि दुसऱ्याच्या खांद्यावर ट्यूब.

उद्या धरणं खुली झाली तर?

हा प्रश्न हवेतला नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या मुनावळे इथे २०२४ मध्ये राज्य सरकारचं जलपर्यटन केंद्र सुरू झालंय. राज्याचं साहसी पर्यटन धोरणही २०२१ पासून आहे. आज ना उद्या आणखी जलाशयांचा नंबर लागेल. पिण्याच्या पाण्यात बोर्ड न्यावा की नाही, हे तज्ज्ञ ठरवतील. भातसासारख्या ठिकाणी उत्तर ‘नाही’ असेल तर ते आपण आनंदाने मान्य करावं. निम्म्या मुंबईच्या घशाचा प्रश्न आहे!

पण जिथे उत्तर ‘हो’ असेल, तिथे पुढचा प्रश्न गिऱ्हाईक म्हणून आपण विचारायचा. बोर्ड कुणाचे? गाइड कोण? मुंबई-पुण्याहून आलेली टीम सकाळी बोर्ड फुगवणार आणि संध्याकाळी गाडीत घालून नेणार, आणि ज्यांची जमीन पाण्याखाली गेली ते पार्किंगच्या पावत्या फाडणार, असं होणार असेल तर आपला वीकएंड जरा महाग आहे. ज्याला पाण्याखालची खोडं माहीत आहेत, त्याच्याइतका चांगला गाइड बाहेरून आणता येत नाही. बुकिंगच्या फोनवर हा एक प्रश्न विचारायला काय जातं?

जाताय? मग हे वाचा

भातसानगर : मध्य रेल्वेच्या कसारा लोकलने आसनगाव. सीएसएमटीहून साधारण दोन तास. स्टेशनबाहेरून रिक्षाने शहापूर, तिथून भातसानगरचा रस्ता. पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका, पाण्यात उतरू नका. बघायला, फिरायला आणि जरा गप्प बसायला जा.

देवबाग-तारकर्ली : कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण मार्गे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. सप शिकायला सकाळची वेळ मागा आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ विचारून घ्या.

बुक करताना : लाइफ जॅकेट आणि लीश देतात का? एका गाइडमागे किती जण? गाइड त्याच गावातला आहे का? ‘पोहता येत नाही’ हे आधीच सांगा, लाजू नका. वारा सुटला तर ट्रिप रद्द करतो म्हणणारा माणूस निवडा, तोच चांगला.

सोबत : टोपी, सनस्क्रीन, सुके कपडे, मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाउच. जीन्स घालून पाण्यात उतरू नका, ओली जीन्स दगडासारखी जड होते.

आणि हो, भातसानगरला जाताना पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून घ्या. वर पाड्यावरच्या विहिरीवर मागू नका. तुमच्या बाटलीतलं पाणी बहुतेक तिथूनच आलेलं असेल.